स्पायडर-मॅन गाऊ लागतो तेव्हा

आपल्या आवडीची गोष्ट दुसऱ्या कोणी नव्या वेषात आपल्यापुढे आणली, की आनंद व्हावयाच्या ऐवजी पुष्कळदा आपल्या कपाळाला आठ्याच पडतात. कादंबरीवरून चित्रपट निघाला, तर ज्याने ती कादंबरी वाचलेलीच नाही तो मजेत घरी जातो. ज्याने तिची पारायणे केली तो मात्र चार दिवस चडफडत राहतो. ज्याचे प्रेम अधिक त्याचाच राग अधिक, असा हा उफराटा व्यवहार आहे. हा राग म्हणजे निव्वळ हट्ट, की त्याच्या पोटी काही शहाणपणही असते, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. त्यासाठी घेतलेले उदाहरण दूरचे आहे, न्यूयॉर्क शहरातले आहे. आणि तेही शेक्सपिअरचे अथवा टॉलस्टॉयचे नसून मुलांच्या चित्रकथेतल्या एका नायकाचे आहे. आपल्याला ते प्रथमदर्शनी थिल्लर वाटण्याचा संभव आहे. पण त्या खेळात साडेसात कोटी डॉलर, काही नटांची हाडे आणि एका नामांकित दिग्दर्शिकेचा लौकिक पणाला लागला होता. तेव्हा पोरखेळ म्हणून त्याची वासलात लावता येणार नाही.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. स्पायडर-मॅनचा जन्म १९६२ साली 'अमेझिंग फँटसी' नावाच्या नियतकालिकाच्या १५व्या अंकात झाला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को. त्यापूर्वीचे अचाट पराक्रमाचे नायक, ज्यांना सुपरहिरो म्हणतात ते, बहुतेक पोक्त आणि संकटातही न डगमगणारे असत. सुपरमॅन तर परग्रहावरूनच आलेला. पीटर पार्कर हा त्यांच्या अगदी उलट. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काका-काकूंच्या घरी वाढणारा, चष्मा लावणारा, वर्गातल्या दांडगट मुलांच्या चेष्टेचा विषय झालेला एक पोरका विद्यार्थी. किरणोत्सर्गाने भारलेला कोळी त्याला चावतो आणि त्याच्या अंगी कोळ्याचे बळ येते. भिंतीवर तो सरसर चढू लागतो. जाळे फेकण्याचे यंत्र मात्र तो स्वतःच्या बुद्धीने बनवतो.

बळ आल्यावर हा मुलगा पहिल्याने काय करतो, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. तो जगाचे रक्षण करावयास निघत नाही. तो पैसे मिळवावयास निघतो. लोकांपुढे खेळ करून दाखवतो. एक चोर डोळ्यांदेखत पळत असता, हे काही आपले काम नव्हे, असे म्हणून तो त्याला जाऊ देतो. पुढे त्याच चोराच्या हातून त्याचे बेन काका मारले जातात. ज्याच्या हाती सामर्थ्य आले त्याच्या माथी जबाबदारीही आली, हा धडा त्याला मिळतो तो असा घरातला माणूस गमावून. म्हणजे या मुलाच्या साऱ्या पराक्रमाच्या मुळाशी विजयाची हाव नसून पश्चात्ताप आहे. शिवाय त्याच्या खिशात पैसे नसतात, काकूचे दुखणे असते, प्रेमात अपयश असते. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला सुपरमॅनसारखे व्हावेसे वाटत असेल; पण पीटर पार्कर म्हणजे आपणच, असे त्याला वाटले. या कथेचे चाहते इतके कडवे का, याचे एक कारण येथे सापडते.

दुसरे कारण प्रकाशकांनीच निर्माण केले. मार्व्हल कंपनी आपल्या अंकांतून वाचकांची पत्रे छापत असे. स्पायडर-मॅनच्या अंकातील या सदराला 'द स्पायडर्स वेब' असे नाव होते. तेथे वाचक कथानकातील चुका दाखवीत, हे पात्र असे वागणार नाही म्हणून हुज्जत घालीत आणि संपादक त्यांना थट्टेने उत्तरे देत. १९६४ साली कंपनीने वाचकांचे एक मंडळही काढले. वर्गणी भरून सभासद व्हावे, बिल्ला लावून मिरवावे. वाचकाला असे घरात घेतल्यावर तो घरच्यासारखा वागू लागला, तर त्याला दोष कसा द्यावा? कायद्याने ही कथा कंपनीचीच. २००९ साली तर डिस्नेने अख्खी मार्व्हल कंपनी विकत घेतली. पण चाळीस-पन्नास वर्षे जो दर महिन्याला पैसे मोजून गोष्ट वाचतो, तिचे मागचे संदर्भ तोंडपाठ ठेवतो, त्याच्या मनात एक निराळी मालकी उत्पन्न होते. तिला कोर्टात किंमत नाही. तिकिटाच्या खिडकीवर मात्र आहे.

अशा नायकाने रंगभूमीवर येऊन गाणे म्हणावे, ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटते. आपल्याला तशी ती वाटण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हापासून राजे, ऋषी आणि खुद्द श्रीकृष्णही आपल्यापुढे गात आले आहेत. पदाला वन्समोअर मिळाला म्हणून कृष्णाचे देवपण उणे झाले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. 'सौभद्रा'तला कृष्ण घरातल्या वडीलधाऱ्यासारखा लटके-खरे करतो, तरी तो कृष्णच राहतो. कारण त्याचा चतुर, सर्व सूत्रे हाती ठेवणारा आणि शेवटी भक्ताचे कल्याण करणारा स्वभाव जागच्या जागी असतो. तेव्हा गाणे हा काही अपराध नव्हे. प्रश्न एवढाच की गाणारा तोच आहे की नाही.

अमेरिकेत हा प्रयोग २०१० पूर्वीही एकदा झाला होता. २९ मार्च १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या आल्विन थिएटरात सुपरमॅनवरच्या संगीतिकेचा शुभारंभ झाला. दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स, संगीत चार्ल्स स्ट्राउस यांचे, गीते ली ॲडम्स यांची. मंडळी नामांकित होती. सुपरमॅन तारांवरून उडत असे आणि एकूण नाटकाचा सूर मिश्किल थट्टेचा होता. समीक्षकांनी ते बऱ्यापैकी वाखाणले, पण १२९ प्रयोगांनंतर त्याच वर्षीच्या जुलैत ते बंद करावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत दूरचित्रवाणीवर बॅटमॅनची मालिका सुरू झाली होती, तिचाही सूर थट्टेचाच, आणि ती घरबसल्या फुकट पाहावयास मिळत होती. मुलांना हे नाटक मोठ्यांचे वाटावे आणि मोठ्यांना मुलांचे वाटावे, अशी त्याची अडचण झाली असावी. चाहत्यांचा रोष मात्र तेव्हा फारसा दिसला नाही. नाटकाने सुपरमॅनची थट्टा केली तरी त्याला सुपरमॅनच ठेवले होते, हे त्याचे कारण असावे असे आम्हाला वाटते.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. 'स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क' हे नाटक बरीच वर्षे शिजत होते. संगीत आणि गीते आयर्लंडच्या यू-टू या वाद्यवृंदातील बोनो आणि एज यांची. दिग्दर्शन ज्यूली टेमर यांचे. टेमरबाईंनी १९९७ साली 'लायन किंग' रंगभूमीवर आणले होते. मुखवटे, बाहुल्या आणि मानवी शरीर यांच्या मेळातून त्यांनी तेथे अख्खे अरण्य उभे केले आणि संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. संहिता त्यांनी ग्लेन बर्गर यांच्यासह लिहिली. निर्मितीला प्रारंभापासून ग्रहण लागले. एक प्रमुख निर्माते टोनी ॲडम्स २००५ साली वारले, पुढे पैसा संपला, नवे निर्माते आले. अखेर खर्चाचा आकडा सुमारे साडेसात कोटी डॉलरवर गेला. त्यापूर्वी ब्रॉडवेवरच्या कोणत्याही नाटकावर इतका खर्च झाला नव्हता.

हा पैसा कशात गेला, हे समजून घ्यावयास हवे. चित्रकथेत नायकाला इमारतीवरून इमारतीवर उडविण्यास शाई आणि कागद एवढेच लागते. चित्रपटात यंत्रे आणि चित्रतंत्र ते काम करतात. रंगभूमीवर मात्र जिवंत माणसाला कमरेभोवती पट्टे बांधून, तारा अडकवून, प्रेक्षकांच्या डोक्यावरून खरोखरीच फेकावे लागते. एकाच वेषातले अनेक कसरतपटू आळीपाळीने स्पायडर-मॅन होत. एक येथे दिसेनासा होई, तोच दुसरा सज्जाच्या कठड्यावर प्रकट होई. तारा ओढणारी यंत्रे संगणकाने चालत. त्यातली एखादी अडली, की सुरक्षिततेसाठी सगळेच थांबवावे लागे.

२८ नोव्हेंबर २०१० रोजी पहिला पूर्वप्रयोग झाला. ब्रॉडवेवर शुभारंभापूर्वी काही आठवडे असे प्रयोग करण्याची रीत आहे. प्रेक्षकांसमोर नाटक खेळावे आणि जे जमत नाही ते दुरुस्त करावे. आपल्या रंगीत तालमीचाच हा लांबलेला प्रकार, पण तिकिटे पुऱ्या दराची. त्या रात्री खेळ पाच वेळा थांबला. पहिल्या अंकाच्या शेवटी खुद्द नायक प्रेक्षकांच्या डोक्यावर तारेला लटकत राहिला आणि त्याला खाली घेताना तंत्रज्ञांची तिरपीट उडाली. दुसऱ्या अंकात असाच खोळंबा झाला असता एक बाई उठून मोठ्याने म्हणाल्या की, आपल्याला येथे प्रयोगशाळेतल्या उंदरासारखे वागविले जात आहे. नवल हे की सभागृहाने त्या बाईंनाच हुर्यो करून खाली बसविले. पैसे बुडाले असे ज्यांनी म्हणावे, तेच नाटकाच्या बाजूने ओरडले. आपला स्पायडर-मॅन एकदाचा डोळ्यांपुढे आला आहे, त्याला सांभाळून घ्यावे, ही त्या ओरडण्यातली भावना. चाहत्याचे प्रेम क्षमाशील असते, याचा हा पुरावा. ते कोठे संपते, हेच पुढच्या सहा महिन्यांत दिसून आले.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया स्थूलमानाने तीन तऱ्हेच्या होत्या. मुलांना उडणारा माणूस हवा होता; तो डोक्यावरून गेला की ती खूष. दुसरा वर्ग मूळ कथा जाणणाऱ्यांचा. तो उड्डाणांना टाळ्या देई आणि कथानकाने हिरमुसला होई. तिसरा वर्ग पुढे वाढला. काहीतरी बिघडेल आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बिघडेल, या उत्सुकतेने तो तिकीट काढी. सर्कशीत झोक्यावरची मुलगी निसटली तर काय, या विचाराने श्वास रोखून धरणारा प्रेक्षक आपल्यालाही अपरिचित नाही.

या तिसऱ्या उत्सुकतेची किंमत कोणी दिली, तेही सांगितले पाहिजे. पूर्वप्रयोगांच्या आधीच तालमीत एका नर्तकाची दोन्ही मनगटे मोडली होती. पहिल्याच रात्री अराक्नीचे काम करणाऱ्या नटीच्या डोक्याला मार बसला आणि महिन्याभरात तिने नाटक सोडले. २० डिसेंबरला खेळ शेवटाकडे आला असता एक कसरतपटू उंच फळीच्या टोकाकडे धावत गेला. उडी तेथे तारेवर तोलली जावयाची. पण तार अडकवायचीच राहिली होती, आणि तो वीस-तीस फूट खाली कोसळला. कवटीला व पाठीच्या मणक्यांना इजा झाली. प्रयोग तीन दिवसांत पुन्हा सुरू झाले. सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याने मार्च २०११ मध्ये नाटक कंपनीला १२,६०० डॉलर दंड सुचविला. साडेसात कोटींच्या खर्चापुढे हा आकडा किती लहान आहे, हे वेगळे सांगावयास नको. तो तरुण सुदैवाने बरा होऊन पुन्हा याच नाटकात परतला. इकडे तिकीटविक्री घटली नाही. जानेवारीत एका आठवड्याचा गल्ला तर ब्रॉडवेवर सर्वांच्या पुढे गेला. जबाबदारीचा धडा सांगणाऱ्या कथेच्या प्रयोगात जबाबदारीचीच अशी आबाळ व्हावी आणि गर्दी त्यानेच वाढावी, हा विरोधाभास चाहत्यांनाही सुखाचा नव्हता.

आता कथानकाची तक्रार पाहू. टेमरबाईंना पीटर पार्करपेक्षा अराक्नीचे आकर्षण अधिक होते. ग्रीक कथेतली ही विणकर मुलगी देवीशी स्पर्धा करते आणि शापाने कोळी होते. रोमन कवी ओव्हिडने तिची कथा सांगितली आहे. स्पायडर-मॅनच्या मुळाशी पुराणकथेचा हा जुना धागा बांधावा, असा दिग्दर्शिकेचा मानस. कल्पना मुळात क्षुद्र नव्हे. पण तिचा परिणाम असा झाला की, ग्रीन गॉब्लिन हा चाहत्यांच्या ओळखीचा खलनायक पहिल्या अंकाच्या शेवटीच मेला आणि दुसरा अंक अराक्नीच्या मायाजालाने व्यापला. तिच्या सख्या बायकांचे बूट पळवतात असे एक गाणे होते, त्याची तर फार टिंगल झाली. आपल्या मुलाच्या लग्नाला जावे आणि सारा वेळ व्याह्यांच्या कुळाचा इतिहास ऐकावा, तशी चाहत्यांची स्थिती झाली.

याहून सूचक गोष्ट आणखी एक होती. या पहिल्या रूपात रंगमंचावर चाहतेच आणून बसविले होते. तीन मुलगे आणि एक मुलगी असे चौघे कॉमिकवेडे नव्या स्पायडर-मॅनची कथा आपसांत रचतात, वाद घालतात, आणि ती कथा आपल्यापुढे घडते. ग्रीक नाटकातील वृंदाच्या धर्तीवर त्यांना 'गीक कोरस' असे नाव होते. गीक म्हणजे एखाद्या विषयाने झपाटलेला पुस्तकी किडा. आपल्याकडच्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशाशी त्याचे नाते सहज ध्यानात येईल. पण सूत्रधार रसिकांची ओळख कथेशी करून देतो आणि बाजूला होतो. ही मुले मध्येमध्ये येऊन कथेचा ओघ तोडीत, आणि ज्यांच्यावरून ती बेतली होती त्या चाहत्यांना वाटे की, आपले प्रेम येथे विनोदाला घेतले आहे. आपली थट्टा माणूस सहन करील. पण आपल्या श्रद्धेची थट्टा आपल्याच तोंडून वदवून घेतलेली सहन करीत नाही.

शुभारंभाची तारीख एकसारखी पुढे ढकलली जात होती. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये वृत्तपत्रांच्या समीक्षकांनी शुभारंभाची वाट न पाहता परीक्षणे छापली आणि ती बहुतेक कठोर होती. निर्मात्यांनी निवडक प्रेक्षकांना बसवून त्यांची मते नोंदवून घेतली. मार्च महिन्यात टेमरबाईंना दूर करण्यात आले. फिलिप विल्यम मॅकिनली हे नवे दिग्दर्शक आले आणि कॉमिक लिहिण्याचा अनुभव असलेले नाटककार रोबेर्तो अगिरे-साकासा यांना संहितेच्या दुरुस्तीस बोलाविले. एप्रिल-मेमध्ये सुमारे तीन आठवडे प्रयोग बंद ठेवून नाटक नव्याने बांधले. गीक कोरस गेला. बुटांचे गाणे गेले. अराक्नी उरली ती केवळ वत्सल मार्गदर्शक म्हणून. ग्रीन गॉब्लिन शेवटपर्यंत जिवंत राहिला. पीटर आणि मेरी जेन यांच्या प्रेमाला जागा मिळाली. १८२ पूर्वप्रयोगांनंतर, म्हणजे ब्रॉडवेच्या इतिहासातल्या सर्वाधिक पूर्वप्रयोगांनंतर, १४ जून २०११ रोजी एकदाचा शुभारंभ झाला.

आता चाहत्यांची मागणी नेमकी काय होती, याचा निवाडा करता येईल. चाहत्यांना काहीच बदललेले खपत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. २००२ साली सॅम रेमी यांच्या चित्रपटात पीटरचे जाळे यंत्रातून न येता थेट मनगटातून आले. पुष्कळ चाहत्यांनी चित्रपट निघण्यापूर्वीच आकांत केला. मुलाची कल्पकता काढून घेतली, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. पण चित्रपटात बेन काकांचा मृत्यू आणि त्या मृत्यूचे ओझे पुरेपूर होते. चाहत्यांनी जाळ्याची गोष्ट कुरकुरत का होईना पोटात घातली आणि चित्रपट डोक्यावर घेतला. आमच्या-आपल्या घरच्या उंबऱ्याशी येणारे उदाहरण आणखी बोलके आहे. २००४ साली मार्व्हलच्या परवानगीने भारतीय स्पायडर-मॅन निघाला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो रचला. नायकाचे नाव पवित्र प्रभाकर, गाव मुंबई, वेष धोतराचा, आणि सामर्थ्य किरणोत्सर्गी कोळ्याऐवजी एका योग्याच्या कृपेने आलेले. बदलावयाचे म्हणून काही शिल्लक ठेवले नव्हते. तरीही काका होता, काकू होती, आणि काकाच्या मृत्यूने आलेली जाण होती. म्हणून मुंबईच्या गल्लीतला तो मुलगा स्पायडर-मॅन म्हणून ओळखू येतो.

म्हणजे कथेला साल आणि गर असे दोन भाग असतात. वेष, गाव, यंत्र, गाणे ही साल. ती सोलली तरी फळ तेच राहते. पीटरच्या बाबतीत गर कोणता? सामान्य मुलाच्या हातून झालेली एक चूक आणि ती फेडण्यासाठी त्याने जन्मभर केलेली धडपड. टेमरबाईंच्या नाटकात हा भाग वगळला नव्हता. पण देवतेच्या कोपापुढे आणि मायेपुढे तो झाकोळला. नायकाच्या दैवाची सूत्रे एका पौराणिक स्त्रीच्या हाती गेली, आणि स्वतः केलेल्या चुकीचे ओझे वाहणारा मुलगा दुसऱ्याच्या कथेतले एक प्यादे झाला. चाहते पात्रांची नावे घेऊन, प्रसंगांच्या क्रमावरून भांडत होते. त्यांना खुपत होते ते हे.

तथापि न्यायाची दुसरी बाजू न सांगता थांबणे योग्य होणार नाही. प्रेक्षकांची मते गोळा करून नाटक दुरुस्त करावे काय? टेमरबाईंना ते मुळीच मान्य नव्हते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'लायन किंग'चे मुखवटे आधी मते मागवून झाले नव्हते. चाहता जुने ओळखतो. जे अजून जन्मलेच नाही ते तो मागू शकत नाही. सुधारलेले नाटक अधिक सरळ झाले, मुलांना अधिक कळू लागले. परंतु काही समीक्षकांना त्यातली जुनी विक्षिप्त भव्यता गेल्याची रुखरुख लागली. शिवाय दिग्दर्शिकेच्या कामाचा मोबदला आणि संहितेवरचा हक्क हा प्रश्न उरलाच. टेमरबाई नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयात गेल्या आणि २०१३ साली समेट झाला. चाहत्यांच्या मनातली मालकी आपण मानली, तर कलावंताची मालकीही तितक्याच आदराने मानली पाहिजे.

हिशेब काय झाला? नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात, २०१२ उजाडताना, नऊ प्रयोगांत सुमारे २९ लाख डॉलरचा गल्ला जमला. तोवर ब्रॉडवेवर एका आठवड्यात इतका पैसा कोणी पाहिला नव्हता. पण खेळ चालविण्याचा आठवड्याचा खर्चही तसाच अवाढव्य होता. घरात पाणी भरावे आणि रांजणाला भोक असावे, अशी गत. १,०६६ प्रयोगांनंतर ४ जानेवारी २०१४ रोजी नाटक बंद झाले. गुंतविलेल्या रकमेपैकी सहा कोटी डॉलरपर्यंत बुडाले, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. चाहत्यांनी नाटक बुडविले, असे काही जण म्हणतात. आकडे तसे सांगत नाहीत. तीन वर्षे लोक येत होते. नाटक बुडाले ते खर्चाने.

या प्रकरणाची एक छोटी उत्तरपूजाही आहे. २०२१ साली मार्व्हलच्याच 'हॉकआय' या मालिकेत एक प्रसंग आला: कॅप्टन अमेरिकावर संगीत नाटक निघाले आहे आणि खरा हॉकआय ते पाहताना अवघडून बसला आहे. गाणे मार्क शायमन आणि स्कॉट विटमन यांनी रचले होते. हेतू विनोदाचा, पण चाहत्यांना ते इतके रुचले की ते नाटक खरोखर करा, अशी मागणी होऊ लागली. २०२३च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानात अर्ध्या तासाचे 'रॉजर्स : द म्युझिकल' खरेच सादर झाले आणि चाहत्यांनी गर्दी केली. तेथे कोणी आभाळात उडत नव्हते. कॅप्टन अमेरिका झालेल्या स्टीव्ह रॉजर्सने कर्तव्यापायी दुरावलेली आपली मैत्रीण आणि तिच्याकडे परतणे, एवढाच धागा गाण्यांतून धरला होता. गाणे जेथे नायकाच्या मनातले बोलते तेथे सुपरहिरोलाही शोभते, हे यावरून उघड होते.

आपल्या आवडत्या कथेचे नाटक किंवा चित्रपट झाला, की आपणही असेच रागावणार. रागवावे, तो प्रेमाचा हक्क आहे. मात्र तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. बदलले ते साल की गर? आणि आपल्या करमणुकीसाठी जो तारेवर चढला आहे, त्याची तार कोणी नीट अडकविली आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर साल असे आले, तर कुरकुर आवरावी आणि खेळाचा आनंद घ्यावा. गर गेला असे दिसले, तर खुशाल बोलावे, लिहावे, नाटकवाल्यांना ऐकवावे. चाहत्याने गप्प बसण्यात कथेचे हित नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येत असेल, तर मात्र पहिला विचारीत बसू नये. तेव्हा कथेचा कैवार बाजूला ठेवून त्या माणसासाठी आधी बोलावे. पीटर पार्करच्या गोष्टीवर ज्याचे खरे प्रेम आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.